पोटरीशास्त्री

एमबीबीएसला प्रवेश मिळाला, की मुलगा त्याच संध्याकाळी डॉक्टर होतो. पुढचं शिक्षण ही नुसती सरकारी औपचारिकता. त्यात डिसेक्शन हॉलमध्ये पाय सुरू झाला, की या प्राण्याला माणसांचे चेहरे दिसेनासेच होतात. अंगाला फॉर्मॅलिनचा वास, बगलेत चौरसियांच्या ॲनाटॉमीचा दुसरा खंड आणि नजर कायम समोरच्याच्या गुडघ्याखाली.

काका पायावर पाय टाकून पेपर वाचत बसलेले असतात. "काका, पाय खाली! कॉमन पेरोनिअल नर्व्ह फिब्युलाच्या मानेला वळसा घालते. तिथं वर कातडी, खाली हाड, बिचारीला आसराच नाही. फार वेळ दाबली गेली तर पाऊल लुळं पडतं!" काका घाबरून उकिडवे बसतात. "छे छे, त्यानं तर आणखीच दाबली जाते!" काका उभे राहतात. "नुसतं उभं राहून काय उपयोग? पोटरीतला सोलिअस स्नायू आवळला तरच रक्त वर चढतं. त्याला दुसरं हृदयच म्हणतात." शेवटी काका येरझाऱ्या घालत अग्रलेख वाचतात.

स्नायूपेक्षा त्याला कोणती नस जाते, यावर याचा जीव. पुढच्या कप्प्याला डीप पेरोनिअल, बाहेरच्याला सुपरफिशिअल, मागच्या अख्ख्या पोटरीला टिबिअल, हे तो जेवताना, अंघोळीत, आरतीच्या मध्येही पुटपुटतो. आतल्या घोट्यामागचा क्रम 'टॉम, डिक अँड व्हेरी नर्व्हस हॅरी' असा पाठ. व्हायवाच्या दिवशी मात्र हॅरी तो स्वतःच असतो.

सर चिमट्यानं एक लांब, पांढरा दोरा उचलतात. "काय आहे?"

"टिबिअल नर्व्ह, सर!"

सर प्रत्येक बॅचकडून याच उत्तराची वाट पाहत असतात. तो असतो प्लँटॅरिस स्नायूचा कंडरा. नवशिके त्याला हमखास नस समजतात, म्हणून त्याचं टोपणनावच 'फ्रेशमन्स नर्व्ह'. हा स्नायू काही माणसांत नसतोही. परीक्षेच्या टेबलावरच्या माणसाला मात्र तो असतोच असतो.

एवढ्यानं खचेल तो पहिल्या वर्षाचा कसला! मध्यरात्री आजीच्या पोटरीत गोळा येतो, तसा हा धावतो. "गॅस्ट्रोक्नीमिअस! टिबिअल नर्व्ह! एस वन, एस टू!" तोवर आजीनं अंगठा धरून चवडा नडगीकडे ओढलेला असतो, गोळा गेलेलाही असतो.

"बरोब्बर केलंस, आजी! का गेला ते सांगू?"

"सांग हो बाळा. पण दिवा मालवून सांग."