दुसरा कंट्रोलर

आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या लिहिल्यामुळे घसारा म्हणजे काय ते मला चांगलं कळतं. वस्तू वापरली की झिजते आणि झिजली की तिची किंमत कमी लिहायची. पण अजिबात न वापरता जिची किंमत माझ्या डोळ्यांदेखत उतरत गेली, अशी एक वस्तू आमच्या घरात होती. प्लेस्टेशनचा दुसरा कंट्रोलर. जवळपास सहा हजार रुपये.

बहिणीचा मुलगा ओंकार इंजिनिअरिंगला म्हणून आमच्याकडे डोंबिवलीला राहायला आला आणि त्याच्या पाठोपाठ प्लेस्टेशन आलं. निम्मे पैसे त्याच्या बाबांचे, निम्मे माझे. दुकानात तो म्हणाला, "मावशी, बॉक्समध्ये एक कंट्रोलर येतोच. दुसरा कशाला?" म्हटलं, "म्हणजे तू खेळणार आणि मी तुला सरबत आणून देणार?" यावर तो गप्प बसला, म्हणजे बेत तसाच होता. दुकानदाराने लगेच माझी बाजू घेतली. दुकानदार आपली बाजू घेऊ लागला की पाकीट मिटावं, असं आमच्या ह्यांचं मत आहे. ते इथे विचारात घेतलेलं नाही.

माझा हिशेब सरळ होता. ओंकारला सुपरहिरोंच्या टोळीचे खेळ आवडतात. एका डब्यावर सहा वीर छाती काढून उभे, दुसऱ्यावर पाच, तिसऱ्यावर चार. एवढ्या गर्दीतला एखादा वीर मावशीच्या वाट्याला यायला काय हरकत होती?

शिवाय टोळीचे खेळ कसे खेळतात हे मी लांबून पाहिलेलं होतं. ओंकारचा मामा, म्हणजे आमचा धाकटा भाऊ, स्टेशनजवळच्या पार्लरमध्ये 'मुस्तफा' खेळायचा. कॅपकॉमच्या १९९३च्या त्या खेळाचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', पण मशीनवरचं नाव वाचायला वेळ होता कोणाला? मुस्तफा हा त्यातला एक वीर, आणि आपल्याकडे सगळा खेळच त्याच्या नावाने चालायचा. भावाला ओढून आणायला आई मला पाठवायची आणि मी दारातूनच हाका मारायचे, कारण आत मुली जात नसत. तेवढ्यात जे दिसायचं त्यावरून एक गोष्ट कळली होती. गुंडांशी लढताना खेळणारे तिघं एक असत. पिंप फोडलं आणि आतून खाणं बाहेर पडलं की भांडण सुरू. ज्याची ताकद संपत आलेली आहे त्याने ते खायचं, हा नियम. जो जवळ उभा आहे तो खातो, हा व्यवहार. कोनामीने १९९२मध्ये 'एक्स-मेन'चं मशीन काढलं होतं, त्याच्या मोठ्या अवतारात दोन पडदे जोडून सहा जण शेजारी शेजारी उभे राहत. आमच्या पार्लरच्या दारातून ते आत गेलं नसतं. गेलं असतं तर मारामाऱ्या पडद्याबाहेर झाल्या असत्या.

तर पहिला खेळ, २०२०चा 'मार्व्हल्स अ‍ॅव्हेंजर्स'. डब्यावर सहा वीर. सुरुवातीलाच सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर हल्ला होतो आणि थॉर हातोडा घेऊन धावतो. थॉर ओंकारकडे. मी नवा कंट्रोलर हातात घेऊन हल्कची वाट पाहत बसले. बटणं दाबली, सगळी दाबली, एकत्र दाबली. पुलावर काही फरक पडेना.

"मावशी, हा को-ऑप ऑनलाइन आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे चौघं खेळू शकतात, पण प्रत्येकाने आपापल्या घरून. तुला माझ्याबरोबर खेळायचं तर वेगळं प्लेस्टेशन, वेगळा टीव्ही आणि गेमसुद्धा वेगळा."

एका सोफ्यावर बसलेल्या दोन माणसांनी एकत्र लढायचं तर दोन घरं हवीत! डोंबिवलीतले जागेचे भाव पाहता हा प्रस्ताव मी तिथेच फेटाळला.

मग तो कॉलेजला गेला की मी पहिल्या कंट्रोलरवर हात साफ करू लागले. डाव्या अंगठ्याने पाय चालवायचे आणि उजव्याने मान फिरवायची, अशी या यंत्राची रचना आहे. माझे दोन्ही अंगठे एकाच दिशेला जातात. त्यामुळे माझा हल्क बराच काळ आकाशाकडे बघत भिंतीला धडका देत असे, आणि मान खाली आणली की थेट स्वतःच्या पायांकडे बघत पळे. पण या खेळातली एक गोष्ट मला मनापासून आवडली. लढाई झाली की साहित्य मिळतं. प्रत्येक नगावर आकडा असतो. जुना काढायचा, जास्त आकड्याचा चढवायचा, की एकूण बेरीज वाढते. अंगावर काहीच वेगळं दिसत नाही, आकडा तेवढा वाढतो. ओंकारला याचाच कंटाळा. मी मात्र हल्कची खतावणी करत तासन् तास बसू शकले असते. जगाने ओंकारचं ऐकलं. ३० सप्टेंबर २०२३नंतर हा खेळ ऑनलाइन दुकानांतून काढून टाकण्यात आला.

पाच वीरांचा डबा म्हणजे आयडॉस-मॉन्ट्रियलचा २०२१चा 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी'. इथे तर ऑनलाइनचीही भानगड नाही. पाचांपैकी एकट्या स्टार-लॉर्डला आपण चालवायचं, बाकीच्यांना बटणावर हुकूम सोडायचे. पण स्पष्ट सांगते, या सगळ्यांत छान लिहिलेला खेळ हाच. चौघं सहकारी अखंड कुरकुर करत असतात, आणि एकूण कथेला सुरुवात होते ती सरकारी दंड भरायला पैसे नाहीत म्हणून. दंड आणि मुदत! मी सरसावून बसले. लढाई अंगावर आली की स्टार-लॉर्ड सगळ्यांना घोळक्यात बोलावतो. त्यांची गाऱ्हाणी ऐकायची आणि समोरच्या दोन भाषणांतलं एक निवडायचं. योग्य निवडलं तर सगळ्यांना जोर चढतो, चुकलं तर तो एकट्या स्टार-लॉर्डला. माझं भाषण बहुतेक वेळा चुकायचं. गर्वाने फुगलेल्यांना मी आणखी शाबासकी द्यायचे आणि खचलेल्यांना दम भरायचे. ऑफिसातही माझी हीच पद्धत आहे आणि तिथेही जोर मला एकटीलाच चढतो.

चार वीरांचे डबे दोन. २०२२च्या 'गॉथम नाइट्स'मध्ये बॅटमॅन सुरुवातीलाच मरतो आणि शहर चार शिष्यांवर येऊन पडतं. मूळ कथेत दोघंच एकत्र फिरू शकतात, तेही ऑनलाइन. २०२४चा 'सुइसाइड स्क्वॉड' रॉकस्टेडीचा, म्हणजे ज्यांनी 'अर्कहॅम'चे नावाजलेले खेळ केले त्यांचा. त्यात चार खलनायकांपैकी प्रत्येकाच्या हातात बंदूक. एकाचं नाव किंग शार्क, तो खरोखर शार्क आहे, तरी त्याला बंदूक. दात कशाला दिलेत मग? त्या खेळापायी वॉर्नर कंपनीने वीस कोटी डॉलर वह्यांतून खोडले. हे वाचल्यावर माझे सहा हजार मला जरा हलके वाटले.

आणि मग ६ डिसेंबर २०२४ला नेटईझचा 'मार्व्हल रायव्हल्स' आला. सहा विरुद्ध सहा, आणि फुकट. पहिल्या तीन दिवसांतच एक कोटी लोक खेळले, कारण फुकट म्हटलं की माणूस येतो, मीही आले. सुरुवातीलाच तेहतीस वीर निवडायला होते, त्यांचे तीन वर्ग. पुढे उभं राहून मार खाणारे, मारणारे आणि जखमा भरणारे. सहाही जणांना मारणारा व्हायचं असतं. पंगतीला बसायला सगळे तयार, वाढायला कोणी उठत नाही, तसं. मी बाईच्या जातीची आणि वयाने मोठी, त्यामुळे वाढायला उठले. जखमा भरणाऱ्यांत जेफ नावाचं चार पायांचं शार्कचं पिल्लू आहे. ते तोंडातून पाणी उडवतं आणि ज्याच्या अंगावर पडेल तो बरा होतो. नेम धरायची फार गरज नाही. शिवाय तेव्हा ग्रूट आपल्या बाजूला असेल तर जेफ त्याच्या खांद्यावर चढून बसू शकायचा. आयतं वाहन! मी चढून बसले ती बसलेच. उतरायचं बटण सापडलं नाही, शोधलंही नाही.

इथवर छान चाललं होतं. घात केला तो कंट्रोलरने. त्याच्या पोटात एक माइक असतो आणि तो आपण बंद केला नाही तर चालू राहतो. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. भर दुपारी कुठल्या कुठल्या गावांतल्या पाच पोरांच्या कानांत माझं स्वयंपाकघर थेट चालू होतं. "भांडी राहू देत गं, आधी मला या शार्कला वर काढू दे," हे मी आमच्या कामाच्या मावशींना सांगितलेलंही सगळ्यांनी ऐकलं. कुकरची शिट्टी झाली. पाठोपाठ दुसरी. मी जमिनीखाली होते, कारण जेफ जमिनीत बुडी मारू शकतो आणि वर नुसता पाठीवरचा पर दिसतो. तेवढ्यात टीव्हीतून एक अनोळखी आवाज आला, "आंटी, तीन हो गई, गॅस बंद करो." मी दचकून उभी राहिले. दुसरा म्हणाला, "चावल है तो दो में हो जाता है." तिसऱ्याचं मत पडलं की डाळ असेल तर चार लागतात. सबंध सामन्यात त्या टोळीचं एकमत झालं नव्हतं, चर्चा झाली ती एवढीच.

मी पळत जाऊन गॅस बंद करून आले तर पडद्यावर जेफची मोठी करामत तयार असल्याचं दिसत होतं. ही करामत अशी की जेफ जमिनीखालून येऊन आसपासच्या सगळ्यांना गिळतो आणि थोड्या वेळाने थुंकतो. शत्रूला गिळून दरीच्या कडेला न्यायचं आणि बाहेर थुंकायचं, हा त्याचा उपयोग. फक्त तो गिळताना आपले आणि परके असा भेद करत नाही. मी दाबलं. एक शत्रू पोटात आला आणि आपले दोघं. वळले, म्हणजे वळायला गेले. मान एका बाजूला फिरली, पाय दुसऱ्या बाजूला गेले, आणि कडेवर थांबून थुंकायच्या ऐवजी मी तिघांना घेऊन थेट दरीत उतरले. क्षणभर शांतता. मग तोच गॅसवाला आवाज, अत्यंत अदबीने: "आंटी, अपने बंदों को क्यों खाया?"

ओंकार कॉलेजातून आला तेव्हा मी माइकचं बटण टेपने चिकटवत होते. त्याने ते एकदा दाबून दाखवलं. नारिंगी दिवा लागला, माइक बंद झाला. टेप मी तरीही काढली नाही.

या सगळ्या काळात दुसरा कंट्रोलर टीव्हीखालच्या कप्प्यात चार्ज होऊन पडून होता. एका पडद्यावर चौघांनी खेळायचा सुपरहिरोंचा खेळ मुळात नाहीच का, म्हणून मी ओंकारच्या मागे लागले. तर तो होता! २००६चा 'अल्टिमेट अलायन्स', रेव्हन सॉफ्टवेअरचा. वरून दिसणारं मैदान आणि त्यावर चार वीर. एक पुढे पळाला की बाकीचे पडद्याच्या कडेला अडकतात आणि त्याला शिव्या देतात. म्हणजे मला हवं होतं ते सगळं. पण तो आता ऑनलाइन दुकानांतून गेलेला, आणि त्याचा २०१९चा तिसरा भाग फक्त निन्टेन्डो स्विचवर. दुसऱ्या कंट्रोलरची वसुली करायला दुसरं यंत्र घ्यायचं, असा हा मार्ग होता. मी तो वहीत लिहून ठेवला. आमच्या ह्यांनी ते पान पाहिलंय.

शेवटी वसुली झाली ती 'लेगो मार्व्हल सुपर हीरोज'वर. २०१३चा खेळ, सेलमध्ये किरकोळ भावात मिळाला. डब्यावर वीरांची ही गर्दी, पण दोन कंट्रोलर लावले की दोघं एकाच पडद्यावर खेळतात. पहिल्याच मोहिमेत रेल्वे स्टेशनात आयर्न मॅन आणि हल्क. स्टेशन म्हटल्यावर हल्क मी घेतला. दोघं लांब गेले की पडदा मधोमध तिरका दुभागतो, जवळ आले की जुळतो. मेलं तर वीराचे तुकडे होतात, चार नाणी सांडतात आणि तो लगेच परत उभा राहतो. आकाशाकडे बघायची सोय नाही, कारण मान आपल्याला फिरवावी लागत नाही. सोन्याची भिंत आली की ती आयर्न मॅनने वितळवायची. कळफलक आला की हल्कने अंग आखडून ब्रूस बॅनर व्हायचं आणि चष्मा लावून बटणं दाबायची. हे काम मी कोणालाही करू दिलं नाही.

आणि हो, आपल्याच माणसाला मारता येतं. ओंकारने माझी नाणी उचलली म्हणून मी त्याला एक ठोसा लगावला. आयर्न मॅनचे तुकडे जमिनीवर विखुरले.

"मावशी! आपण एका टीममध्ये आहोत!"

"मग नाणी का उचललीस?"

आवाज ऐकून आमचे हे पेपर खाली ठेवून आले, थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "मला कधी मिळणार?" तर हा खेळ दोघांचाच आहे. तिसरा कंट्रोलर घेऊनही उपयोग नाही.

तेव्हा दिवाळीच्या खरेदीला निघालेल्यांना एवढंच सांगते. पुढच्या बाजूला किती वीर उभे आहेत ते मोजत बसू नका. डबा उलटा करा. मागे बारीक अक्षरांत खेळाडूंचा आकडा छापलेला असतो, आणि ऑनलाइन खेळाडूंचा आकडा वेगळा असतो. पहिला आकडा एक असेल, तर कंट्रोलरही एकच घ्या. दुकानदार काही का म्हणेना.