तारोडीची उंची वैशाखात मोजावी

ट्रेकच्या जाहिरातींत वाटेची सगळी परीक्षा ‘सोपी’, ‘मध्यम’ आणि ‘कठीण’ या तीन शब्दांत उरकलेली असते, आणि गुण बहुतेक उंचीवरूनच दिले जातात. कळसूबाई १६४६ मीटर, म्हणून तिच्यापुढे माणूस गुडघ्याला पट्टा बांधून उभा राहतो. भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या रस्त्याला लागल्यावर तारोडी-डोंगरीच्या बाजूला ज्या टेकड्या दिसतात, त्या दोनशे मीटरही भरत नाहीत. म्हणून तिथे लोक चपला घालून, अर्ध्या लिटरची बाटली चौघांत मिळून चढू पाहतात. माझं म्हणणं असं की मे महिन्यात ही गुणपत्रिका रद्द करावी. त्या महिन्यात बुटका डोंगर उंच डोंगराहून वाईट.

याला पुरावा हवेचाच आहे. वर जाताना हवा किलोमीटरमागे साधारण साडेसहा अंशांनी गार होत जाते. कळसूबाईच्या माथ्यावर समुद्रसपाटीच्या मानाने दहा अंशांची सूट मिळते. शिड्या तापलेल्या असल्या तरी वर पोचल्यावर चढल्याचं सार्थक होतं. तारोडीला मात्र सगळी टेकडी पालथी घातली तरी पदरात जेमतेम अंशभर. त्यात पश्चिमेला समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, म्हणजे हवा आधीच पाण्याने गच्च. घाम येतो तो वाळून अंग गार व्हावं म्हणून, पण इथे तो वाळतच नाही, नुसता वाहतो. शेजारच्या उत्तनला वलांडीवर टांगलेला बोंबीलसुद्धा चढणाऱ्यापेक्षा सुखात असतो: त्याला वारा चारही बाजूंनी लागतो आणि पाठीवर सॅक नसते.

यावर पावसाळ्याचे भक्त म्हणतील, ‘निदान उन्हाळ्यात घसरायला तरी होत नाही ना!’ हा मोठा गैरसमज आहे. ओल्या वाटेवर माणूस मुळातच भिऊन पाऊल टाकतो. उन्हाळ्यात वाट कोरडी दिसते, म्हणून तो ऐटीत टाच टेकवतो. खाली मुरुमाचा घसारा, त्यावर वाळलेलं गवत, आणि पुढचा प्रवास बसून होतो. चिखल पडणाऱ्याला निदान मऊ जागा देतो. शिवाय गवत झडल्यावर एक वेगळीच पंचाईत होते. आजवर लपलेल्या सगळ्या ढोरवाटा उघड्या पडतात आणि प्रत्येकच वाट मुख्य वाटते. गुरं त्या वाटांनी चाऱ्याकडे जात होती, माथ्याकडे नव्हे, हे करवंदीच्या जाळीत शिरल्यावर कळतं. (करवंदं पिकली असतील तर एवढ्यापुरती तक्रार मागे.)

‘पहाटे निघा की मग!’ हा सल्ला निर्विवाद योग्य आहे. अडचण एवढीच की सहलीची माणसं पहाटेच्या गोष्टी रात्री बाराला ठरवतात. ‘गावातले लोक नाही का चढत?’ असंही कोणी विचारील. चढतात, पण भर दुपारी डोंगरावर त्यांना शोधून पाहा. शेवटचा आक्षेप इतिहासाचा, आणि तो वजनदार आहे: खाडीच्या तोंडावरचा धारावीचा किल्ला याच टापूत, आणि चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत मराठ्यांनी तो घेतला. वसई पडली ती १७३९च्या मे महिन्यात, म्हणजे ऐन उन्हाळ्यात! बरोबर, पण पुढे पावसाळा येऊन ठेपला होता, आणि वर जायला त्यांच्याजवळ भक्कम कारण होतं. धारावीच्या उंचवट्यावरून खाडीत शिरणारी पोर्तुगीजांची रसद अडवता येत होती. आज एवढं कारण ज्याच्यापाशी असेल त्याने खुशाल बारा वाजता चढावं. बाकीच्यांनी परतीच्या बसची वेळ आधी विचारून ठेवावी आणि पाण्याची बाटली माणशी वेगळी घ्यावी.