गाडी गेली, पॉलिसी राहिली

मोटारीचा विमा किती सेकंदांत काढून मिळतो, हे कंपन्या जाहिरातीत छातीठोकपणे सांगतात. तो रद्द करायला किती वेळ लागतो, याची जाहिरात मात्र अजून कुणी केलेली नाही. करायला हरकत नाही. ‘कुठंही न जाता, घरबसल्या मनस्ताप’ एवढी एक ओळ पुरे. खाली बारीक टायपात: अटी लागू.

आमच्या सोसायटीच्या माजी चेअरमनांनी पाडव्याला नवी गाडी घेतली आणि जुनी विकली. हा गृहस्थ म्हणजे विमा कंपनीनं हॉलमध्ये फोटो लावावा असा ग्राहक. जुन्या गाडीच्या अख्ख्या हयातीत एक क्लेम नाही. पार्किंगमध्ये कुणी बंपर ठोकला तर तीन मजले ऐकू जाईल असं भांडायचे, पण खर्च पदरचा. कारण नो क्लेम बोनस. पहिलं वर्ष निष्कलंक काढलं की २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५०. त्यापुढे पुण्य वाढत नाही, नुसतं सांभाळायचं. ही सूट गाडीच्या स्वतःच्या नुकसानीसाठी जो हप्ता असतो त्यावर मिळते. थर्ड पार्टीच्या हप्त्यात पुण्यवान आणि पापी एकाच रांगेत.

हे पुण्य गाडीचं नसतं, मालकाचं असतं. गाडी विकली तरी ते मालकाबरोबर नव्या गाडीत येऊन बसतं. त्यासाठी जुन्या कंपनीकडून एक पत्र आणायचं, ते तीन वर्षं चालतं. इतकं सोपं. चेअरमनांनी फोन लावला.

‘सर, गाडी विकल्याचा पुरावा लागेल.’

‘पैसे आले, गाडी गेली. सही केलेली डिलिव्हरी नोट आहे, फॉर्म २९ ची प्रत आहे.’

‘तसं नाही सर, आरसी समोरच्याच्या नावावर झालेली लागेल.’

समोरचा म्हणजे घेणारा. त्याला फोन केला. तो म्हणाला, ‘काका, एजंटकडे कागद दिलेत, होऊन जाईल.’ गाडी घेतली की नाव बदलायचा अर्ज करायला घेणाऱ्याला ३० दिवसांची मुदत असते. पण आपल्याकडे मुदत ही पत्रिकेवरच्या मुहूर्तासारखी. तेव्हा फक्त अक्षता वाटायला सुरुवात करतात.

शोरूममधला पोरगा मदतीला धावला. ‘काका, फॉर्मवर बोनस आहे म्हणून टिक करा, कोण बघतंय?’ खरंच कुणी बघत नाही. २००२ च्या मोटार टॅरिफमध्ये लिहून ठेवलंय की अशा वेळी नव्या कंपनीनं २१ दिवसांत जुन्या कंपनीला पत्र पाठवून खातरजमा करावी. ही तत्परता कंपनीच्या अंगात येते ती बहुधा आपण पहिला क्लेम टाकतो त्या दिवशी. मग मात्र जुनी दप्तरं अशी भराभर निघतात की पुराभिलेखागारानं शिकून घ्यावं. चेअरमन नियमाचे पक्के. टिक केली नाही, नव्या गाडीचा हप्ता पूर्ण भरला.

मग त्यांनी मागणी खाली आणली. बोनस राहू दे, जुनी पॉलिसी रद्द करा आणि उरलेल्या महिन्यांचे पैसे परत द्या.

‘सर, त्या गाडीचा दुसरीकडे विमा काढल्याचा पुरावा लागेल.’

म्हणजे आपल्याकडे नसलेल्या गाडीचा दुसऱ्यानं काढलेला विमा यांनी आणून दाखवायचा. पुन्हा घेणाऱ्याला फोन. तो तर बिचारा चकितच झाला. ‘काका, तुमचा विमा आहे की नोव्हेंबरपर्यंत! परत कशाला?’

इथं मजा अशी की त्याचं अर्धं बरोबर आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १५७ म्हणतं, गाडीची मालकी गेली की विमाही नव्या मालकाकडे गेला असं समजावं. मात्र हे थर्ड पार्टीपुरतं. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग असा आपोआप जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं नव्वदच्या दशकातच सांगून ठेवलंय; त्यासाठी कंपनीकडे रीतसर अर्ज करून पॉलिसी नावावर करून घ्यावी लागते. आता बघा. गाडी झाडावर आपटली तर चेअरमनांना पैसे नाहीत, कारण गाडी त्यांची नाही. घेणाऱ्याला पैसे नाहीत, कारण पॉलिसी त्याची नाही. हप्ता मात्र आगाऊ जमा आहे. ज्या विम्यावर पृथ्वीतलावरचा कुठलाही माणूस क्लेम करू शकत नाही, त्याहून फायद्याचा धंदा कोणता? याला जोखीम व्यवस्थापन म्हणतात, आणि ते शिकवायला महागड्या संस्था आहेत.

कंपनीची बाजूही ऐकायला हवी. थर्ड पार्टी विमा वाटेल तेव्हा तोडू देत नाहीत, हे योग्यच आहे. चाकाखाली येणाऱ्याला विकणाऱ्या-घेणाऱ्याच्या कागदांशी काय देणंघेणं? त्याच्या घरच्यांना भरपाई मिळाली पाहिजे. विकणाऱ्यालाही हा नियम वाचवतो. गाडी कितीही हातांतून गेली तरी आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये बजावलंय. मग थर्ड पार्टीचा हप्ता ठेवा की खुशाल! प्रश्न दुसऱ्या, मोठ्या हप्त्याचा आहे. रस्त्यावरच्या जखमी माणसाला पुढं उभं करून त्याच्या मागं हे पैसे लपवायचे, ही कल्पना ज्याला सुचली त्याला बढती मिळाली असणार.

विमा नियामकानं जून २०२४ मध्ये परिपत्रक काढलं: ग्राहक कारण न सांगता पॉलिसी रद्द करू शकतो, आणि वर्षभराची पॉलिसी असेल, क्लेम झालेला नसेल, तर उरलेल्या दिवसांच्या प्रमाणात पैसे परत. जुन्या टॅरिफमध्ये महिनाभरात रद्द केली तरी २० टक्के जायचे आणि आठ महिने उलटले की परतावा शून्य. चेअरमनांनी परिपत्रक छापून घेतलं, हिरव्या पेननं ओळी अधोरेखित केल्या आणि फोनवर वाचून दाखवलं. पलीकडच्या मुलीनं शांतपणे ऐकलं. म्हणाली, ‘सर, ते आमच्या सिस्टीमला दिसत नाहीये.’

आता वर दाद मागायची तर विमा लोकपाल. आधी कंपनीला लेखी तक्रार, महिनाभर उत्तराची वाट, मग लोकपाल. फी नाही, वकील लागत नाही. हे कळल्यावर चेअरमनांना तरतरीच आली. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेनंतर इतक्या कमी खर्चात भांडायची सोय त्यांना प्रथमच मिळत होती. पण तक्रारीत ‘लोकपाल’ हा शब्द दिसताच कंपनीची सिस्टीम झटकन सुधारली. तोवर आरसीही नावावर झाली होती. कंपनीनं तोडगा काढला: पॉलिसी घेणाऱ्याच्या नावावर, बोनसचं पत्र चेअरमनांना. फक्त एक बारीकशी गोष्ट. जुन्या पॉलिसीत दिलेली सूट आता चेअरमन घेऊन निघाले, तेव्हा उरलेल्या महिन्यांचा फरक कुणीतरी भरायचा.

चेअरमन घेणाऱ्याला म्हणाले, ‘पुण्य माझं होतं. आता पॉलिसी तुझी, फरक तू भर.’

तो म्हणाला, ‘भरतो काका. पण एवढी पुण्याई होती, तर आठवड्यात क्लच कसा गेला? त्याचं बिल कुणाला पाठवू?’