असीरगडाचा दुसरा अश्वत्थामा

नेपानगरशेजारच्या आमच्या चांदनी गावात कुणी पहाटे साडेचारला उठलं, तर गावाच्या मते त्याची तीनच कारणं असू शकतात. गाडी पकडायची आहे, शेताला रात्रीची लाईट आली आहे, किंवा घरात कुणाचं तरी कमीजास्त झालं आहे. मी ट्रायथलॉनच्या सरावासाठी उठतो, हे चौथं कारण अजून कुणाच्या पचनी पडलेलं नाही. त्यामुळे पाठीवर पिशवी आणि अंगाला चिकटलेली काळी चड्डी अशा अवतारात मी दिसलो की समोरचा माणूस आधी चेहरा पाडतो आणि मग हळूच विचारतो, "कोण गेलं?"

ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहायचं, अंग वाळायच्या आत सायकल हाणायची आणि सायकलवरून उतरलं की पळत सुटायचं. माझा डोळा गोव्यावर आहे. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर 2019 साली 'आयर्नमॅन 70.3' सुरू झाली. 1.9 किलोमीटर समुद्र, 90 किलोमीटर सायकल, 21.1 किलोमीटर पळणं. या सगळ्याची मैलांत बेरीज 70.3. आमच्या आबांना हा आकडा सांगितला तेव्हा ते म्हणाले, "फर्स्ट क्लास आहे, पण डिस्टिंक्शन हुकलं."

हा सगळा उपद्व्याप सुरू झाला तो एका वादातून. पोहणारा दमदार की पळणारा, यावर हवाई बेटावर खल चालला होता. तेव्हा जॉन कॉलिन्स नावाच्या नौदल अधिकाऱ्यानं मध्येच बेल्जियमचा सायकलपटू एडी मर्क्स याचं नाव काढलं आणि सांगितलं की खरा दम सायकलवाल्यात असतो. असले वाद आपल्याकडे पारावर रोज होतात आणि अर्ध्या चहावर मिटतात. तिथं चहा नसावा. 1978 च्या फेब्रुवारीत पंधरा जण खरोखरच 3.8 किलोमीटर पोहले, 180 किलोमीटर सायकल चालवून वर 42 किलोमीटर पळायला निघाले. बारा जणांनी शर्यत पुरी केली. मुद्दा मात्र सायकलवाल्याचाच होता, आणि मीही त्याच पक्षाचा. पोहणं आणि पळणं हा मी सायकलीपायी भरलेला कर आहे.

पोहण्याचा कर भरायला आमच्याकडे विहीर आहे. वीस फूट व्यासाच्या विहिरीत भिंतीला अगदी खेटून पोहलं, तर 1.9 किलोमीटरचे साधारण शंभर वेढे होतात. घाण्याचा बैल निदान तेल तरी काढतो. शेतमालकाच्या आई काठावर बसून माझ्या प्रदक्षिणा मोजतात. त्यांची खात्री आहे की हा नवस आहे आणि मुलीच्या लग्नाचाच आहे. मला मुलगी नाही. पळण्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही; त्यातला वेगाचा सराव गावातली कुत्री फुकट करून घेतात.

सायकल मात्र निराळी. ती दारात उभी असली तरी माणूस बरा होतो. हिची किंमत मी घरात जी सांगितली आहे, तीच इथंही खरी धरावी. शेजारचं नेपानगर हे कागद कारखान्याचं गाव. भोंगा झाला की पाळीवर निघालेल्या सायकलींचा रस्ताभर लोंढा असे, असं जुने लोक सांगतात. त्यातल्या एका निवृत्त काकांनी माझी सायकल एका बोटानं उचलून पाहिली. मग म्हणाले, "कॅरियर नाही, स्टँड नाही, मडगार्ड नाही. उरलेले भाग कधी देणार आहेत?"

असीरगडाचा घाट हे माझं खरं मैदान. दख्खनचा दरवाजा म्हणवणारा हा किल्ला 1601 मध्ये अकबराच्या हाती लागला, तोही त्याच्या फौजेनं महिनोन् महिने तळ ठोकल्यावर. तो चढ सायकलनं चढताना मला त्या फौजेबद्दल फार आपुलकी वाटते. उताराला डिसेंबरची थंडी बोचते. युरोपातले जुने शर्यतवीर घाटमाथ्यावर छातीशी वर्तमानपत्र खुपसून उतरत. मीही तेच करतो. देशाला वर्तमानपत्री कागद पुरवणाऱ्या गावाच्या शेजारी राहून विंडचीटर विकत घेणं बरं दिसत नाही.

गडावरच्या महादेवाला अश्वत्थामा रोज पहाटे फूल वाहून जातो, असं इकडे मानतात. कपाळावरचा मणी गेलेला, जखम भळभळती, आणि वाटेत भेटेल त्याच्याकडे तो तेल मागतो. आता तुम्हीच डोळ्यांपुढे आणा: धुकं दाटलेलं, हेल्मेटवर कपाळाच्या जागी दिवा लुकलुकतोय, पोटरीत गोळा आल्यानं मी लंगडतोय आणि सायकलची साखळी रडतेय. घाटातल्या टपरीवर जाऊन मी अदबीनं विचारलं, "भैया, थोडा तेल मिलेगा?"

टपरीवाल्याच्या हातातला झारा कढईत पडला. त्यानं एकदा कपाळाकडे पाहिलं, एकदा पायाकडे पाहिलं, आणि हात जोडून वाटीभर शेंगदाण्याचं तेल पुढे केलं. पैसे घेतले नाहीत. घरापर्यंत साखळीला भज्यांचा वास येत होता.

या खेळातला सगळ्यात अवघड भाग आहे रिकव्हरी. स्नायू सरावात झिजतात आणि विश्रांतीत भरून येतात; अंगदुखीचा कळस बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होतो. म्हणून लांबच्या राइडनंतर मी भिंतीला पाय लावून पडतो. पण रविवारी अकराला धडधाकट माणूस पाय वर करून पडलेला दिसला की चांदनी स्वस्थ बसत नाही. एक जण शहाळं आणतो, दुसरा महानारायण तेल, तिसरा बऱ्हाणपूरच्या ओळखीच्या डॉक्टरांचा नंबर. प्रत्येकासाठी उठून बसावं लागतं, चहा होतो, आणि रिकव्हरीची रिकव्हरी संध्याकाळी करावी लागते. पायांखाली फिरवायचा फोमचा रोलर आणला, तर बायको म्हणाली, "लाटणं घरात होतं. तुम्ही कधी हातात घेतलं नाही एवढंच."

तिला मी नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांचं उदाहरण दिलं. 2015 साली त्या दोघांच्या टीमनं 'रेस अक्रॉस अमेरिका' पुरी केली, एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत. नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी तर 2017 मध्ये तीच शर्यत एकट्यानं केली. ती शांतपणे म्हणाली, "तिघंही डॉक्टर आहेत. बिघडलं तर घरच्या घरी दुरुस्त होतात."

तर वाचकहो, असीरगडाच्या घाटात चढावर वाकलेला कुणी सायकलवाला दिसला, तर हॉर्न वाजवू नका, ॲव्हरेज विचारू नका आणि लिफ्ट तर मुळीच देऊ करू नका. त्या चढावर 'नको' म्हणायला फार दम लागतो. हा केळीचा मुलूख आहे. गाडीत एखादं केळं असेल तर खिडकीतून द्या आणि पुढे निघा.