हात न लावलेला खेळ

जुलै २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका लिलावात 'सुपर मारिओ ६४'ची सीलबंद प्रत १५ लाख ६० हजार डॉलरना गेली. जुन्या व्हिडिओ गेमवरचं निस्सीम प्रेम म्हणतात ते हेच. अट एकच: तो कोणी खेळलेला नसावा. प्लॅस्टिक कोपऱ्यात फाटलं, की लाखाचे बारा हजार. तज्ज्ञांनी खोक्याला १० पैकी ९.८ गुण दिले होते. आतला खेळ चालतो का, हे विचारणं अर्थातच असभ्यपणाचं.

आमच्याकडच्या पोरांनी मात्र '९९९९ इन वन' कॅसेटींना फुंकर मारमारून सगळा वारसा मातीत घातला. वर काँट्रा खेळलेही! पुढच्या पिढीने तरी शहाणं व्हावं. वाढदिवसाला गेम आणावा, लांबून दाखवावा, थेट लॉकरात ठेवावा. पोर फारच रडलं, तर खोक्याची मागची बाजू वाचू द्यावी. हातमोजे घालून.