सांधे धड, चढू गड

ठिगळ आणि पॅच यांत फरक एवढाच, की ठिगळ फाटल्यावर लावतात आणि पॅच धडक्या कपड्यावर, वर पैसे मोजून. हे मी मंडळाच्या बैठकीत बोलून गेलो आणि त्याची शिक्षा म्हणून पॅच करून आणायचं काम माझ्याच गळ्यात पडलं.

आमचं मंडळ निवृत्तांचं. महिन्यातून एक गड, तोही शक्यतो पायऱ्यांचा आणि खाली मिसळ मिळणारा. नाव मात्र दणदणीत : सह्याद्री ज्येष्ठ गिर्यारोहण मंडळ. आमच्यातल्या माजी मुख्याध्यापकांनी घोषवाक्यही करून दिलंय, 'सांधे धड, चढू गड'. आता सगळ्यांच्या निळ्या विंडचीटरवर छातीशी तीन इंची गोल पॅच हवा, असं ठरलं. त्या तीन इंचांत मावायचं होतं ते असं : कळसूबाई, तिच्यामागून उगवता सूर्य, १६४६ मीटर हा आकडा, कडेला सात वर्षांतून एकदा फुलणारी कारवी, मंडळाचं नाव, घोषवाक्य आणि स्थापनेचं साल. खजिनदारांना कार्यकारिणीची नावंही हवी होती. सातबारासुद्धा घालू, असं कुणीतरी मागून म्हणालं.

पेठेतल्या एका 'कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरी'च्या दुकानात मी तो कागद घेऊन गेलो. सोबत ही होती, कारण कापडाच्या बाबतीत मला एकट्याला सोडत नाहीत. काउंटरवरच्या पोराने कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता दोन नमुने समोर ठेवले. "काका, हा भरलेला, हा विणलेला. कसला करू?"

भरलेल्याला खाली जाड ट्विलचं कापड असतं. त्यावर सुई टाके घालत जाते आणि अक्षर फुगून वर येतं. उजेडात धरलं की दोरा चमकतो, आणि कडेला दोरीसारखा जाड गोट. विणलेल्याला असं वेगळं कापडच नसतं. उभ्या-आडव्या धाग्यांची गुंफण म्हणजेच चित्र. सपाट, पातळ, तलम. शर्टाच्या कॉलरमागे मानेला टोचणारं लेबल असतं ना, त्याचा हा थोरला भाऊ.

हिने दोन्ही नमुने उचलले आणि पहिल्यांदा उलटे केले. भरलेल्याच्या पाठीवर बॉबिनचा पांढरा दोरा, गाठी, एका अक्षरातून दुसऱ्यात मारलेल्या उड्या. घरातला सगळा पसारा मागच्या खोलीत लोटून दार लावलेलं. आमची आजी मुलगी बघायला गेली की तिने भरलेला रुमाल मागून घ्यायची आणि आधी उलटी बाजू बघायची. सुलट काय, कुणीही नीट करतं, असं तिचं मत. विणलेला पॅच त्या मानाने सभ्य निघाला. "पैठणीच्या पदरावरचा मोर विणलेलाच असतो," ही म्हणाली, "भरलेला नाही." हातमागावर विणकर तो मोर धाग्यात धागा अडकवत उभा करतो, त्यामुळे उलटीकडूनही मोर मोरच दिसतो. थोडक्यात, आमच्या घरचं मत विणलेल्याला पडलं.

पोरगा म्हणाला, "विणलेले किमान शंभर नग घ्यावे लागतील. भरलेले पंचवीसही देतो." आम्ही अठ्ठावीस. उरलेले बहात्तर पुढच्या पिढीला होतील, असं चिटणिसांनी फोनवर सांगितलं. पुढची पिढी आम्हाला गडाच्या पायथ्याशी सोडून गाडीत मोबाइल बघत बसते, हे त्यांना कोण सांगणार. शेवटी दोन्हींचा एकेक नमुना करून बघायचं ठरलं. भरलेल्यासाठी आधी 'पंचिंग'चे पैसे द्यायचे होते. पंचिंग म्हणजे चित्राचं टाक्यांत भाषांतर : कुठला टाका कुठून कुठे, किती दाट. हल्ली हे संगणकावर होतं, कुठेही भोक पडत नाही, तरी नाव जुनंच. १८०४च्या जॅकार्ड मागाला नक्षी सांगायची ती भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांनी. भरतकामाची यंत्रंही पुढे तशाच भोकांवर चालली. म्हणजे विणलेला आणि भरलेला, दोघेही एकाच गावच्या शाळेत शिकलेले.

आठवड्याने नमुने आले. भरलेला पाहून मुख्याध्यापक खुर्चीत बसले. इंग्रजी अक्षरं बापडी एका रांगेत उभी राहतात. आपलं अक्षर तीन मजली : वर रफार, वेलांटी, अनुस्वार, मध्ये अक्षर, तळघरात उकार. भरायचं तर अक्षर निदान पाच मिलिमीटर उंच हवं, आणि इथे तेवढ्या उंचीत तिन्ही मजल्यांचे भाडेकरू कोंबलेले. 'ज्येष्ठ'मधल्या 'ष्ठ'चा काळा वाटाणा झाला होता. 'गिर्यारोहण'चा रफार कळसूबाईच्या उतारात मिसळून गेला होता. आणि सगळ्यात वाईट, सांध्यांवरचा अनुस्वार आलाच नव्हता. 'साधे धड, चढू गड.'

विणलेला मात्र स्वच्छ. दोन मिलिमीटरचं अक्षर, पण काना-मात्रा जागच्या जागी, कारवीच्या पाकळ्याही सुट्या. सगळे खूश होऊन वाचायला लागले आणि मग चष्म्यांची शोधाशोध झाली. कुणी हात लांब करून, कुणी ट्यूबलाइटखाली जाऊन, कुणी शेजाऱ्याचा चष्मा लावून. छातीवरचा पॅच वाचायला समोरच्याने इतकं जवळ यावं, हे काही बऱ्या घरचं लक्षण नाही. तेवढ्यात, नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या एक वहिनी गॉगल न काढता भरलेल्यावरून अंगठा फिरवत म्हणाल्या, "ही कळसूबाई. हिचा चढ लागतोय हाताला." विणलेल्यावर त्यांना काहीच लागलं नाही. गुळगुळीत.

माझं मत तिथेच फिरलं. मागावर सगळं मावतं, म्हणून माणूस सगळं घालतो. सुई नाही म्हणते, ते बरं असतं. चंद्रावर गेलेल्या तिघांनी १९६९ साली अपोलो ११च्या बिल्ल्यावर स्वतःची नावं घातली नव्हती, हे मी खजिनदारांना सांगितलं. गरुड, त्याच्या पंजात ऑलिव्हची फांदी, खाली चंद्र, मागे पृथ्वी, संपलं. (त्यांच्या चांद्रपोशाखावरचा तो बिल्ला भरलेलाही नव्हता आणि विणलेलाही. १९६७ साली अपोलो १ला जमिनीवरच आग लागून तिघे अंतराळवीर गेले. त्यानंतर पोशाखावर न जळणाऱ्या, काचतंतूंच्या कापडावर छापलेले बिल्ले आले.) खजिनदार म्हणाले, त्यांची नावं जगाला माहीत होती, आपली सोसायटीतसुद्धा माहीत नाहीत. मुद्दा बिनतोड होता, पण बहुमत झालं.

मग छाटणी. नावं गेली, साल गेलं, कारवी गेली, आकडा गेला. 'ज्येष्ठ' काढायची सूचना आली तेव्हा एकही हात विरोधात वर झाला नाही. मंडळाचं पूर्ण नावच मग गेलं. उरली कळसूबाई, सूर्य आणि घोषवाक्य, मोठ्या अक्षरांत. अनुस्वार ठसठशीत यावा म्हणून मुख्याध्यापकांनी वेगळे पैसे द्यायची तयारी दाखवली. पोराने घेतले नाहीत.

पॅच आले, अनुस्वारासकट. मागून गोंद लावलेले, इस्त्रीने चिकटणारे. खजिनदारांनी त्याच रात्री इस्त्री फिरवली आणि उचलली, तर नायलॉनचं विंडचीटरही सोबत उचललं गेलं. बाकीच्यांनी शिवून घेतले. शिवलं की सुईच्या भोकांतून पाणी आत येतं, हे लोहगडावर पहिल्या पावसात कळलं. शिवून घेतलेल्या प्रत्येक छातीवर डाव्या बाजूला तीन इंची ओला गोल.

माझी छाती कोरडी राहिली. माझा पॅच उजव्या कोपरावर आहे, काज टाक्याने हिने शिवलेला. गेल्या वर्षी करवंदीच्या जाळीत तिथे विंडचीटर फाटलं होतं. चिटणिसांच्या ते अजून लक्षात आलेलं नाही.