पाऊण इंच, सोळा आटे

व्हर्नियरकाका तुमच्याही मंडळात असणारच. न्यू जर्सीत असतात, डॅलसमध्ये असतात, बे एरियात तर दोघे-तिघे असतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. गणपतीच्या दिवशी हे गृहस्थ सगळ्यांच्या आधी हॉलवर हजर होतात, एकाही खुर्चीला हात लावत नाहीत, आणि नैवेद्य दाखवून झाला रे झाला की मोदकांच्या ताटापाशी जाऊन शर्टाच्या खिशातून व्हर्नियर कॅलिपर काढतात. "एक्केचाळीस पॉइंट दोन," पहिला मोदक जबड्यात धरून ते जाहीर करतात. मग दुसरा. "अडतीस पॉइंट सहा. हे सारण कोणी भरलं?" ज्या वहिनींनी भरलं त्या समोरच उभ्या असतात. पहाटे चारला उठून उकड काढलेल्या बाईला मिलिमीटर ऐकवणारा माणूस अजून धडधाकट हिंडतोय, यावरून मराठी स्त्रियांच्या सहनशक्तीचा अंदाज यावा.

यांतल्या न्यू जर्सीच्या काकांकडे मोटरहोम आहे. निवृत्त झाल्यावर सेकंडहँड घेतलेली. १९९५ सालची, फोर्डच्या ई-३५० सांगाड्यावर बांधलेली, ड्रायव्हरच्या डोक्यावर बिछाना असलेली, तिकडे जिला क्लास सी म्हणतात ती. आत ओटा, फ्रिज, संडास-बाथरूम. बॉनेटखाली ४६० क्युबिक इंचांचं, म्हणजे साडेसात लिटरचं व्ही-८ इंजिन. गॅलनला सात-आठ मैल. काकूंना यलोस्टोन बघायचं होतं. "त्याआधी एकदा तेल बदलून घेऊ," काका म्हणाले. त्यानंतर काकूंचे दोन स्वेटर बॅगेतच जुने झाले.

तेल बदलायचं म्हणजे ऑइल फिल्टर आला. सुट्या भागांच्या दुकानातल्या पोराने साल आणि इंजिन कॉम्प्युटरवर टाकलं, आत गेला आणि मोटरक्राफ्टचा एफएल-१ए आणून काउंटरवर ठेवला. अर्ध्या मिनिटाचं काम. फिल्टर अगदी बरोबर होता; फोर्डच्या कित्येक इंजिनांना तो वर्षानुवर्षं लागत आलाय. पण पोराने सवयीने विचारलं, "अजून काही?"

काकांनी व्हर्नियर काढला.

"आटे पाऊण इंच, इंचाला सोळा. ठीक. बायपास व्हॉल्व्ह किती पीएसआयला उघडतो?" पोरगं गप्प. "खोक्यावर पंच्याण्णव टक्के लिहिलंय. किती मायक्रॉनचा कण धरून? वीसचा की चाळीसचा? आयएसओ ४५४८-१२ प्रमाणे चाचणी झालीय का?" मागे रांग वाढत गेली. पोराने मॅनेजरला बोलावलं, मॅनेजरने उत्पादकांचा फोन नंबर लिहून दिला, आणि एवढ्यावर सुटलो असं त्याला वाटलं. काका तिथेच काउंटरला टेकून फोन लावून उभे राहिले.

संतापाची गोष्ट अशी, की इथवर काकांचं काही चुकत नव्हतं. फिल्टरचा साइज म्हणजे डब्याचा साइज नव्हे. जुन्या मोटरहोममध्ये फोर्डच्या ४६० इतकंच शेव्हर्लेचं ४५४ इंजिन सापडतं. दोन्हीचे फिल्टर बाहेरून सारखेच दिसू शकतात, पण फोर्डचे आटे पाऊण इंचाचे आणि शेव्हर्लेचे तेरा सोळांश इंचाचे. फरक एक सोळांश इंच. शिवाय कडाक्याच्या थंडीत तेल घट्ट झालं, किंवा कागद कचऱ्याने तुंबला, तर तेलाला न गाळता पुढे सोडणारा बायपास व्हॉल्व्ह कुठेतरी लागतो, कारण बेअरिंगला अजिबात तेल न मिळण्यापेक्षा मळकं तेल परवडतं. फोर्डचा हा व्हॉल्व्ह फिल्टरच्या पोटात असतो. जुन्या शेव्हर्लेचा इंजिनावर, फिल्टर बसतो त्या जागी असतो. डबा बसला म्हणजे जमलं असं समजणाऱ्याच्या हे गावीही नसतं. काकांच्या गावी असतं. मग ते सगळ्या गावाला सांगतात.

त्यानंतर लांबीचा विषय निघाला आणि काका हातचे गेले.

एफएल-१ए साधारण सव्वापाच इंच उंच. त्याच आट्यांचे आणि त्याच गॅस्केटचे आणखी उंच फिल्टरही बाजारात मिळतात. उंच डब्यात कागद जास्त, म्हणजे कचरा जास्त मावतो, तेलाला अडथळा कमी, वर थोडं तेलही जास्त राहतं. पण उंच डबा खाली क्रॉसमेंबरला टेकतो का, एक्झॉस्टच्या पाइपाजवळ जाऊन तापतो का, रस्त्यावरचा दगड उडून त्याला लागेल का, आणि सकाळी इंजिन सुरू केल्यावर तो भरून तेलाचा दाब यायला किती वेळ जाईल, हे बघावं लागतं. अमेरिकेतल्या कुठल्याही कॅम्पग्राउंडवर संध्याकाळी शेकोटीभोवती लांबवाले आणि आखूडवाले असे दोन पक्ष सापडतात. काकांनी दोन्ही पक्षांच्या फिल्टरांची मापं घेऊन तक्ता केला आणि फ्रिजवर चिकटवला. तक्त्यासाठी काकूंची किराण्याची यादी आणि नातवाचा फोटो खाली सरकवण्यात आला.

"माझी पत्रिका तरी एकदाच बघितली होती," काकू म्हणाल्या.

या वादातली सगळ्यात गमतीची बाब काकांना कोणी सांगत नाही. काकांची मोटरहोम वर्षातून एक-दोन हजार मैल चालते. तेल बदलावं लागतं ते उभ्या गाडीतही ते जुनं होतं म्हणून. तेवढ्यात आखूड फिल्टरसुद्धा अर्धा भरत नाही. पण काका काढलेला फिल्टर टाकून देत नाहीत. खास कटर घेऊन तो कापतात, आतला घड्यांचा कागद मागच्या अंगणातल्या टेबलावर पसरतात आणि लोखंडाचा चुरा सापडतो का म्हणून लोहचुंबक फिरवतात. तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवतात. अहवाल येतो: सर्व काही उत्तम. त्या दिवशी काका नीट जेवत नाहीत.

नाशिकहून मेहुणे-मेहुणी आले होते तेव्हाची हकिगत तर मंडळात अजून सांगितली जाते. पाहुण्यांना शिकागो बघायचं होतं. वाटेत इंडियानात एल्कहार्ट लागतं. अमेरिकेतली बहुतेक मोटरहोमं आणि ट्रेलर याच भागात तयार होतात, आणि तिथे त्यांचं संग्रहालयही आहे. "तासाभरात बघून निघू," काका म्हणाले. आत १९१३ सालचा एक प्रवासी ट्रेलर जपून ठेवलाय, जगातल्या सर्वांत जुन्या ट्रेलरांपैकी. काकांचा हात खिशाकडे गेलेला पाहून रखवालदार जवळ आला आणि मेहुणे लांब गेले. मग ओळख झाली. रखवालदाराची स्वतःची जुनी ४५४ वाली मोटरहोम निघाली. शिकागो पाहुण्यांनी रात्री टोलच्या रस्त्यावरून बघितलं. छान दिसतं म्हणे.

आता हे का, असा प्रश्न पडतोच.

काका मेकॅनिकल इंजिनियर. पदवीनंतर पिंपरीला टेल्कोत शॉप फ्लोअरवर होते. लेथवरून उतरलेला शाफ्ट गरम असतानाच हातात घेऊन मापायचे, आणि त्यांनी मापून बाजूला ठेवलेला भाग पुन्हा कोणी मापत नसे, असं सांगतात. (काकाच सांगतात.) पुढे अमेरिकेत आले ते कोबोलवर. नव्वदच्या दशकात अशा शेकडो मराठी मेकॅनिकल इंजिनियरांना विमा कंपन्यांनी आणि बँकांनी बोलावून घेतलं, आणि त्यांनी वर्षाचे दोन आकडे चार करून दिले, म्हणजे २००० साल उजाडल्यावर संगणकांना १९०० वाटू नये. पगार चांगला होता. घर झालं, मुलं शिकली. पिंपरीहून पहिल्या बॅगेत आलेला व्हर्नियर मोज्यांच्या खणात राहिला. त्या नोकरीत मापण्यासारखं काही नव्हतं. दिवसभर केलेल्या कामाला ना लांबी, ना आटे, ना वजन. काका त्याबद्दल कधी तक्रार करत नाहीत. फक्त निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी दिलेल्या काचेच्या स्मृतिचिन्हाची जाडी त्यांनी घरी येऊन मापली, हे काकूंनी सांगितलं म्हणून कळलं.

पोकोनोच्या डोंगरातल्या एका कॅम्पग्राउंडवर शेजारी एक तरुण मराठी जोडपं उतरलं होतं. त्यांचीही जुनी फोर्डचीच क्लास सी. मुलाने व्हिडिओ बघून स्वतःच तेल बदललं होतं, आणि मित्राच्या जीपसाठी आणून तसाच पडून असलेला फिल्टर बसवला होता. "अगदी याच साइजचा आहे, काका."

"किती फेऱ्यांत बसला?"

"मोजल्या नाहीत."

काका काही वेळ काहीच बोलले नाहीत. मग गुडघ्यांची पर्वा न करता गाडीखाली शिरले, फिल्टर उतरवला आणि व्हर्नियर लावला. इंजिनाच्या नळीचा व्यास पाऊण इंच, म्हणजे एकोणीस पॉइंट शून्य पाच मिलिमीटर. फिल्टरचे आटे मेट्रिक, वीस मिलिमीटरचे. आट्यांमधलं अंतर इतकं जवळजवळ सारखं, की फिल्टर फिरतो, गॅस्केट दबतं, हाताला घट्ट लागतं. पण आट्यांची पकड नावापुरतीच. थंड सकाळी तेलाचा दाब चढला की तो डबा सुटू शकतो, आणि मग सगळं तेल रस्त्यावर यायला फार वेळ लागत नाही. गाडीत मागे त्यांची तीन वर्षांची मुलगी झोपलेली होती.

काकांनी व्याख्यान दिलं नाही. मंडळात यावर कोणी विश्वास ठेवत नाही, पण काकू साक्षीदार आहेत. स्वतःच्या साठ्यातला एफएल-१ए काढला, जुनं गॅस्केट इंजिनाला चिकटून राहिलेलं नाही ना हे बोट फिरवून पाहिलं, नव्या गॅस्केटवर तेलाचं बोट लावलं आणि फिल्टर त्या मुलाच्या हातात दिला. गॅस्केट टेकल्यापासून पुढे पाऊण फेरी. ती त्याच्याकडूनच मोठ्याने मोजून घेतली. पैसे घेतले नाहीत. त्या पोराकडे आता स्वतःचा व्हर्नियर आहे, हे मात्र वाईट झालं.

यंदा जूनमध्ये यलोस्टोन नक्की ठरलं. मधे गाडीतला जुना जनरेटर बंद पडला होता, म्हणून नवा लहान बसवून घेतला. काका त्याचा फिल्टर शोधायला खाली वाकले. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. पुस्तिका काढली, चष्मा बदलला, शेवटी फोन केला. त्या जनरेटरला ऑइल फिल्टर नसतोच, असं पलीकडून सांगण्यात आलं. दीडशे तास चालला की तेल काढायचं आणि नवं भरायचं.

"मग तेल गाळतं कोण?"

कोणी नाही.

काका पायरीवर बसून राहिले. मोटारीचा ऑइल फिल्टर अर्नेस्ट स्वीटलँडने १९२३ साली आणला, हे ते दर गणपतीत न विचारता सांगत आलेत. त्याआधी फोर्डची मॉडेल टी फिल्टरशिवायच चालायची हेही सांगतात, आणि सांगताना अंधारयुगाबद्दल बोलावं तसा आवाज लावतात. आता ते युग त्यांच्याच गाडीत, पलंगाखालच्या कप्प्यात येऊन बसलं होतं.

काकूंनी बॅग उचलून दारात ठेवली. "म्हणजे मापायला काही उरलं नाही. निघायचं?"

"ड्रेन प्लगचे आटे तेवढे बघतो," काका म्हणाले, "की निघूच."